वीतभर कमी

"भावोजी, या वयात पाण्यात पाय सोडून बसता की काय?"

क्लाराने धुवायला काढलेले दोन मोजे त्रिपोच्या नाकासमोर धरले. घोट्यांच्या जागी ते कडक झाले होते आणि त्यावर पांढरं मीठ धरलं होतं.

"धक्क्यावर पाणी उडतं," त्रिपो म्हणाला.

"उडालेलं पाणी गुडघ्यावर पडेल, पोटरीवर पडेल. हे बरोबर घोट्यालाच कसं येतं? रोजचं झालंय. माझे हात सोलून निघालेत तुमचं मीठ घासून. आरमारात मोजे कोण धूत होतं तुमचे?"

"कुणी नाही. तिथे सगळ्यांचेच खारट असतात."

क्लारा हसली नाही. ती त्याची मेहुणी, येलाची धाकटी बहीण. नवरा वारल्यापासून याच घरात राहत होती. येला गेल्यावर घर तिनेच चालवलं. तिची जीभ तिखट होती, पण त्रिपो एप्रिलमध्ये परत आल्यापासून तिने एकदाही त्याला रिकाम्या पोटी धक्क्यावर जाऊ दिलं नव्हतं. आताही तिने फडक्यात पाव आणि खारवलेले मासे बांधून त्याच्या हातात दिले.

त्रिपोने शिशाचा ओळंबा मांडीवर घेतला. ओळंब्याच्या बुडाला एक खळगा असतो. त्यात त्याने चरबी भरली, अंगठ्याने दाबून सपाट केली. ओळंबा तळाला टेकला की त्या चरबीला तळाचं काहीतरी चिकटून वर येतं. वाळू, शिंपल्याचा चुरा, चिखल. अंधारात, धुक्यात जहाज कुठे आहे हे त्यावरून कळतं. हे त्रिपोला त्याच्या बापाने याच धक्क्यावर शिकवलं होतं. पुढे आरमारात त्याचं नाव झालं ते यामुळेच. कप्तान त्रिपो चरबी नुसती हुंगून सांगतो की कॉर्फूचं बेट डाव्या हाताला आहे की उजव्या, असं खलाशी एकमेकांना सांगत.

आता तो याच ओळंब्याने बायकोला शोधत होता.

येला जानेवारीत बुडाली. डोंगरावरून बोरा वारा उतरला होता, आणि चर्चच्या संध्याकाळच्या घंटेनंतर ती धक्क्यावर गेली ती परत आली नाही. पेरास्त गावाच्या समोरचं आखात म्हणजे चारी बाजूंनी डोंगरांनी धरलेलं पाणी. बाहेर जायला एकच चिंचोळी वाट. इथे बुडालेला माणूस आठ-दहा दिवसांत कुठल्या ना कुठल्या धक्क्याला लागतोच. येला लागली नाही. समोरच्या सेंट जॉर्जच्या बेटावर, सरूच्या झाडांखाली, त्रिपोच्या घराण्याची कबर होती. तिथे तिची जागा रिकामी होती.

फादरने वाट पाहून पाहून शेवटी निरोप पाठवला होता. दगडांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी येलासाठी प्रार्थना होईल, तिचे कपडे पेटीत घालून पुरले जातील आणि वर शिळा बसवली जाईल.

"रिकामी पेटी मी पुरू देणार नाही," त्रिपोने सांगितलं होतं. सण आता तोंडावर आला होता.

फ्रानो कोळी होडी घेऊन आला. हा त्रिपोच्याच वयाचा, लहानपणी दोघांनी मिळून शेजाऱ्यांचे अंजीर चोरलेले. त्यामुळे तो "कप्तान" म्हणायचा तेव्हा त्यात थोडी थट्टा असायचीच.

"कप्तान, आज कुठे?"

"कालच्या पुढे. धक्क्यापासून सरळ बाहेर."

फ्रानो वल्ही मारू लागला. मागे लोखंडी गळ तळावरून ओढले जात होते आणि पुढे त्रिपो ओळंबा सोडून दोर वावांनी, फाकवलेल्या हातांच्या मापाने, मोजत होता. सतरा वाव. चरबीला राखाडी चिखल. पुन्हा सतरा वाव, पुन्हा राखाडी चिखल. गळांना फुटकी मडकी लागली, कुजलेली दोरी, एका खुर्चीचा पाय.

"एक विचारू?" फ्रानो म्हणाला. "रागावशील."

"विचार."

"दुकातोच्या टोकाजवळचा तुझा खडक. खरंच होता?"

त्रिपोने दोर गुंडाळत उत्तर दिलं, "मी त्यावर उभा होतो."

ही गोष्ट सगळ्या पेरास्तला माहीत होती. बाराव्या वर्षी व्हेनिसच्या आरमारात पोऱ्या म्हणून शिरलेला, सुकाणूवर, मग शिडांवर, मग अधिकाऱ्यांच्या टेबलावर आणि शेवटी स्वतःच्या जहाजावर पोचलेला माणूस एका खडकावर आपटला, आणि तो खडक कुणाला सापडलाच नाही. तीही जानेवारीतलीच संध्याकाळ. कॉर्फूच्या खाली दुकातोच्या भूशिराजवळ एका जहाजाची डोलकाठी मोडली, त्याला दोर पोचवायला त्रिपो स्वतः होडीतून निघाला. होडी उलटली. बरोबरचे दोघे तिथेच गेले. त्रिपोला पोहता येत नव्हतं. आरमारात कितीकांना येत नाही. त्याने बूट झटकून टाकले, दोनदा खाली गेला, आणि तिसऱ्यांदा त्याचे पाय दगडाला टेकले.

चांगला घट्ट, सपाट दगड. टाचा उचलून उभं राहिलं की पाणी नाकाशी यायचं. लाट आली की नाकावरून जायचं. तो मोजत होता, किती लाटा सहन होतील. फार नव्हेत. मग पायाखालची जागा थोडी वर आली. वीतभर. शेवाळावर पाय पडला असावा, कारण ते दगडासारखं कठीण नव्हतं. पाणी हनुवटीखाली गेलं, आणि त्याच वेळी त्याच्या घोट्यांना काहीतरी वेढून बसलं, त्यामुळे लाट आली तरी तो ढळला नाही. होडी येऊन त्याला वर ओढेपर्यंत तो तसाच उभा होता. जहाजावरच्या वैद्याने घोट्यांवरचे काळे वळ पाहिले आणि म्हणाला, दोर गुंडाळला गेला होता तुम्हाला.

वीतभर वर आल्याचं त्रिपोने कुणाला सांगितलं नाही. खडक वर येत नाहीत. पण खडक आहे हे सांगणं त्याचं कामच होतं. उद्या त्यावर दुसरं जहाज फुटलं असतं. त्याने जागा सांगितली, खोली सांगितली, दगड घडवल्यासारखा सपाट होता आणि त्यात एक वाटोळा खळगा होता, अंगठा आत जाईल एवढा, हेही सांगितलं. दोन जहाजं जाऊन शोधून आली. ऐंशी वाव दोर सोडला तरी तळ लागला नाही.

चौकशीला बसलेल्यांपैकी एक तरुण अधिकारी हसून म्हणाला होता, "कप्तानसाहेब, त्या खडकाला दारही होतं का?"

सगळे हसले होते. मग त्याला मानाने घरी पाठवण्यात आलं. मानानेच, पण घरी.

"एकाच दिवशी," फ्रानो हळूच म्हणाला. "तू तिकडे आणि ती इकडे."

"त्या दिवशी अख्ख्या समुद्रावर वादळ होतं," त्रिपो म्हणाला. "शंभर माणसं मेली असतील. वल्हव."

*

घरात शिरताना त्रिपो रोज अडखळायचा. उंबऱ्याची सवय असलेला पाय उंच उचलला जायचा आणि रिकामा खाली यायचा. तिथे आता एक फळी टाकलेली होती. आला त्या दिवशीच त्याने विचारलं होतं, तेव्हा क्लारा "फुटला" एवढंच म्हणाली होती. घराच्या मागे ऑलिव्हची बाग पायऱ्यापायऱ्यांनी डोंगरावर चढत होती. तिच्या खालच्या तीनही टप्प्यांचे बांध नव्हते. माती घसरून झाडांची मुळं उघडी पडली होती. पावसाने गेले असतील, असं त्याने धरलं होतं.

त्या दुपारी मात्र तो बागेत उभा राहून नीट पाहू लागला. पाऊस बांध पाडतो, तेव्हा दगड खाली पडलेले असतात. इथे एकही दगड नव्हता.

"क्लारा!"

ती हात पुसत आली.

"बांधाचे दगड कुणी नेले?"

क्लाराने एप्रनच्या कोपऱ्याशी चाळा केला. असं ती कधी करत नसे.

"तुम्हाला वाटलं फ्रानोने चोरले? त्याला स्वतःचं वल्हं उचलवत नाही."

"कुणी नेले?"

"येलाने."

त्रिपो तिच्याकडे वळला.

"तुम्ही पुरुषमाणसं वर्षातून एकदा, दगडांच्या सणाला, होड्या एकाला एक बांधता, गाणी म्हणता, आणि देवमातेच्या बेटाभोवती दगड टाकता. शेकडो वर्षं टाकताय म्हणून पाण्यातून बेट वर आलं. बाईमाणसाला त्या होड्यांत जागा नाही. येलाने एकदा फादरना विचारलं होतं, मला येऊ द्या, माझा माणूस समुद्रावर असतो. फादर म्हणाले, घरी बसून प्रार्थना कर." क्लाराने नाक ओढलं. "मग ती घरूनच टाकायला लागली. तुम्ही समुद्रावर असाल त्या प्रत्येक दिवशी एक दगड. संध्याकाळची घंटा झाली की धक्क्याच्या टोकावरून. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यापासून."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही घरी असताना टाकत नव्हती ना. घरी होतात तरी किती?"

लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती. एका छपराखाली काढलेले दिवस जोडले तर चार वर्षंही भरली नसती. त्रिपोने बांधाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. हे दगड त्याच्या आज्याने रचले होते.

"गावातल्या बायका हसायच्या," क्लारा म्हणाली. "येला, तुझं बेट कुठवर आलं? ती म्हणायची, बेट कशाला, माझ्या माणसाला पाय टेकण्यापुरतं झालं की बास."

"आणि हात? त्या हाताने उचलायची?"

येलाच्या डाव्या हाताची करंगळी तेलाच्या घाण्यात सापडून अर्धी गेली होती. त्रिपोने व्हेनिसहून हातमोजे आणले तेव्हा तिने डाव्या मोज्याची करंगळी कापून, शिवून आखूड केली होती आणि म्हणाली होती, बघा, कापड वाचलं.

"त्याच हाताने," क्लारा म्हणाली. "साडेचार बोटांनी."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिपोने फ्रानोला धक्क्याच्या टोकालाच होडी थांबवायला सांगितलं. एवढे दगड पडले असतील तिथे मोठा ढीग असणार, आणि ढिगाच्या कपारीत माणूस अडकून राहू शकतो. हा विचार रात्रभर त्याच्या मनात घोळत राहिला होता आणि त्यात काही वेडेपणा नव्हता.

त्याने ओळंबा सोडला.

सतरा वाव. राखाडी चिखल.

तो होडीच्या दुसऱ्या बाजूला गेला. सतरा वाव. दोर ओला होऊन आखडला असेल म्हणून त्याने तो धक्क्यावर पसरला आणि हात फाकवून पुन्हा मोजला. दोर बरोबर होता. बापाने शिकवलं तेव्हाही इथे सतरा वावच होते, आणि हाच चिखल.

"गळ टाक."

गळ चिखलातून लोण्यातून जावा तसा गेला. चार वेळा. पाच वेळा.

"असं कसं?" फ्रानो म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. "मी स्वतः बघितलंय तिला. रोज. आम्ही जाळी आवरायचो आणि आवाज यायचा, डुबुक. आम्ही म्हणायचो, चला, येलाचा दगड पडला, जेवायची वेळ झाली. शेवटी शेवटी तर तिने उंबरा टाकला. मीच उचलू लागलो होतो."

"काय टाकला?"

"तुझ्या घराचा उंबरा, त्रिपो. दाराचा. मला वाटलं तुला माहीत आहे."

त्रिपोने दोर हातात घट्ट धरला. होडी हळूहळू फिरत होती.

"कुठे टाकला?"

फ्रानोने बोट खाली केलं. "इथेच. जिथे तुझा ओळंबा आहे."

ओळंबा वर आला. चरबी राखाडी होती. त्यात एक कणही दगडाचा नव्हता.

*

सणाच्या दिवशी त्रिपो पाण्याकडे गेला नाही. सकाळीच फादरच्या माणसांनी रिकामी पेटी आणून अंगणात ठेवली. ती दिसू नये म्हणून तो बागेच्या वरच्या टप्प्यावर जाऊन बसला आणि दिवसभर तिथेच राहिला. खाली होड्यांना हिरव्या फांद्या बांधल्या जात होत्या, पोरं दगड वाहून आणत होती. त्याला दोनदा बोलावणं आलं. कप्तानाने पहिल्या होडीत बसायचं असा मान होता. त्याने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

ऊन उतरलं तेव्हा तो खाली आला. क्लारा दारात बसून अंजीर चिरत होती.

"दिवसभर उन्हात वाळवलंत स्वतःला," ती म्हणाली. "मासे वाळवतात तसं. बसा."

तो दाराच्या आतल्या बाकावर बसला. समोर, फळीच्या खाली, उंबऱ्याची रिकामी खाच होती. त्या उंबऱ्याला एका बाजूला वाटोळा खळगा होता. दाराची खीळ रात्री त्यात पडायची. लहान असताना बापाची वाट पाहत तो इथे बसायचा आणि पायाचा अंगठा त्या खळग्यात घालून फिरवायचा. अंगठा बरोबर आत जायचा.

त्रिपोचा अंगठा जोड्याच्या आत आपोआप वाकला.

"क्लारा," तो म्हणाला. "त्या संध्याकाळी ती काय टाकायला गेली होती?"

चाकू थांबला.

"काही नाही."

"खरं सांग."

"खरंच काही नाही, भावोजी. टाकायला काही उरलंच नव्हतं. बांध संपले, चुलीचे दगड काढले, उंबरा गेला. त्या दिवशी दुपारपासून ती घरभर फिरत होती. पाटा उचलून बघितला, तो मी हातातून काढून घेतला. म्हटलं, आता वाटण काय डोक्यावर वाटू? तेव्हा हसली. मग घंटा झाली आणि ती एकदम उभी राहिली. माझ्याकडे बघून म्हणाली..."

"काय?"

"म्हणाली, वीतभर कमी पडतंय."

खाली होड्या सुटल्या. पुरुषांचं गाणं पाण्यावरून वर येऊ लागलं.

"मी विचारलं, काय कमी पडतंय? तर शाल माझ्या हातात दिली. कुणी आत जाताना देतं तशी. रिकाम्या हातांनी गेली बघा. रिकाम्या हातांनी."

क्लारा तोंडाला एप्रन लावून बसली.

धक्क्यावरून फ्रानोची हाक आली. तो फांद्या लावलेल्या होडीत उभा होता. "कप्तान! अजून वेळ आहे! येतोस का? नाहीतर उद्या पहाटे पुन्हा गळ टाकू. पेटी उचलायच्या आधी."

"नको," त्रिपो म्हणाला. आवाज पोचला नसेल म्हणून त्याने हात हलवला. "नको. ती इथे नाही."

पहिला दगड पाण्यात पडला. मग दुसरा. मग खूप.

"जोडे काढा," क्लारा म्हणाली. तिने डोळे पुसले होते. "दिवसभर धुळीत होतात. पाणी आणते."

ती खाली वाकली, तिने त्याचे जोडे काढले आणि तशीच राहिली.

सकाळी तिनेच दिलेले धुतलेले मोजे. वर पोटरीवर कोरडे, पावलावर कोरडे, धूळ बसलेले. घोट्यांशी मात्र ओले. पाणी नुकतंच लागल्यासारखे. एका पायाच्या घोट्याभोवती ओल चार पट्ट्यांनी पुढे आली होती, आणि समोर, हाडाच्या वर, अंगठ्याएवढा एक डाग.

दुसऱ्या पायालाही तसंच होतं. फक्त तिथे सगळ्यात खालची पट्टी अर्ध्यावरच संपत होती.

क्लाराने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"भावोजी," ती पुटपुटली. "पाय... पाय वर घ्या. बाकावर घ्या."

त्रिपोने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. खालची जमीन कोरडी होती. बाहेर दगड पडत होते, पुरुष गात होते, आणि त्याला जाणवलं की आपण श्वास नाकाने, जपून घेतोय.

"नको," तो म्हणाला. "ती हलू नका म्हणतेय."

अंधार पडला, होड्या परतल्या, क्लाराने दिवा आणून ठेवला. त्याने पाय उचलले नाहीत.